लेकराच्या अंगावरची लाल गाठ



आज आम्ही तान्ह्या लेकरांविषयी चार शब्द सांगणार आहोत.

बाळ जन्मते तेव्हा अंग स्वच्छ असते. पंधरा दिवस, महिना जातो. मग गालावर, पापणीवर नाहीतर पाठीवर तांबडा ठिपका उठतो. बघता बघता तो तुतीच्या फळासारखा फुगतो. शेजारीण म्हणते, "ग्रहणात आईनं काही चिरलं असेल."

हे खरे नव्हे. आईचा यात काही दोष नाही. ही बारीक रक्तवाहिन्यांची गाठ आहे. ती कर्करोग नव्हे. पहिले पाच महिने ती झपाट्याने वाढते. वर्षानंतर हळूहळू ओसरते. पुष्कळ गाठींना औषधही लागत नाही.

पण सगळ्या गाठी सारख्या नसतात. आम्ही शाळेवर असताना एका माउलीने विचारले, "गुरुजी, पोरीच्या पापणीवर गाठ आलीय. काय करू?" आम्ही म्हणालो, "आपोआप जाईल, बाई." गाठ गेली. पण तोवर पापणी डोळ्यावर झाकून राहिली. झाकलेला डोळा पाहायला शिकत नाही, हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्या डोळ्याची नजर कायमची अधू झाली. पुढे ती पोर आमच्याच शाळेत आली. तिला पाहिले की आमची मान खाली जाई.

म्हणून ध्यानात ठेवा. गाठ डोळ्याजवळ, नाकावर वा ओठावर असेल, चिघळली असेल, किंवा अंगावर पाच-सहा गाठी असतील, तर लगेच डॉक्टरला दाखवा. हनुवटीवर, गळ्यावर गाठ आहे आणि श्वास घरघरतो, तर तासभरही थांबू नका.

एक जात फार क्वचित दिसते. गाठ जांभळी, टणक असते. ती एकाएकी सुजते, अंगावर काळेनिळे डाग उठतात. ही गाठ रक्त थांबवणाऱ्या पेशी स्वतःत अडकवते. यात जिवाला धोका असतो. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

तांबड्या गाठीवर आज औषध आहे. प्रोप्रानोलॉल हे हृदयाचे जुने औषध. त्याने या गाठी आटतात, हे फ्रान्समधील बोर्डो शहराच्या डॉक्टरांनी २००८ साली दाखवले. ते डॉक्टरांनी सांगितले तरच द्यावे. आधी बाळाला पाजावे, मग औषध द्यावे. बाळ पीत नसेल तर देऊ नये, डॉक्टरांना विचारावे. नाहीतर रक्तातली साखर उतरते.

बिब्बा, चुना लावू नका. डाग देऊ नका.

बाळ ४२ दिवसांचे होईपर्यंत आशाताई घरी येतात. त्यांना बाळाचे सगळे अंग दाखवा. जालन्याला जिल्हा रुग्णालय आहे. पुढे छत्रपती संभाजीनगरला घाटी आहे.

आमच्यासारखे "आपोआप जाईल" म्हणू नका. आधी दाखवा, मग निश्चिंत व्हा.