शनिवार तेली आणि शुक्रवारची पाळी



विद्वानांच्या या व्यासपीठावर एका कामगार संघटकाला उभे करण्यात चालकांनी थोडे धाडसच केले आहे. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढची विद्या आम्हांला गेटसभांनी आणि सार्वजनिक वाचनालयाने दिली. तेव्हा धर्म आणि समाज यांवर तात्त्विक काही सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पाळी, पगार आणि सुट्टी हे आमचे विषय. पण गंमत अशी, की नाना धर्मांच्या माणसांनी एका जागी कसे नांदावे, हा थोर प्रश्न आमच्या दारात बहुधा पाळीच्या आणि सुट्टीच्या रूपानेच येतो.

आपल्या कोकणातलेच पाहा. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला बेने इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. भाषा मराठी, राहणी गावासारखी. पण शनिवारी घाणा बंद. सोमवारी बैल सोडणारे दुसरे तेली होतेच, म्हणून गावाने यांना ‘शनिवार तेली’ म्हटले, आणि तेवढ्यावर भागले! ज्याला शनिवारी तेल हवे, त्याने शुक्रवारीच आणून ठेवावे.

पण घाणा ज्याचा त्याचा असतो. गिरणीचे तसे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, हे आम्ही दर सभेत अभिमानाने सांगतो. रविवार खंडोबाचा आणि सरकारी कचेऱ्यांच्या सुट्टीचाही; बहुतेकांचे जमून गेले. मात्र ज्याचा वार शनिवार, किंवा ज्याची नमाजाची वेळ शुक्रवारी दुपारी, त्याचे काय, हे विचारण्याचे आम्हांला कधी सुचले नाही.

ते सुचविले कॅनडातल्या एका खटल्याने. त्या देशाने १९७१ साली बहुसंस्कृतिवाद हे सरकारी धोरण म्हणून जाहीर केले. धोरण जाहीर करणे सोपे. ते शाळेच्या झाडूपर्यंत पोचायला वीसएक वर्षे लागली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका सार्वजनिक शाळेची झाडलोट आणि देखभाल करणारा एक कामगार होता. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्याला काम वर्ज्य. आणि शुक्रवारी त्याची पाळी दुपारी ३ ते रात्री ११. शाळामंडळ रविवार ते गुरुवार अशी पाळी द्यायला तयार झाले. परंतु करार सोमवार ते शुक्रवारचा, म्हणून युनियनची संमती हवी होती. युनियनने ती दिली नाही. उलट करार मोडाल तर तक्रार गुदरू, असे बजावले. शेवटी मंडळाने कामगाराला कामावरून काढले.

१९९२ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: दोष मालकाचा, आणि युनियनचाही. फाजील अडचण होत नाही तोवर सोय करून दिलीच पाहिजे. कराराकडे बोट दाखवून हे कर्तव्य टाळता येणार नाही. सहकाऱ्यांना खरोखर झळ बसत असेल तर तिचा विचार होईल, नुसत्या कुरकुरीचा नाही. कामगारानेही हट्ट न धरता वाजवी तोड मान्य करावी.

श्रोतेहो, हा निकाल आम्ही फार उशिरा वाचला. त्याआधी, १९९८ साली, एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आमचीच युनियन होती. प्रेसखात्यातल्या एका मुसलमान कामगाराने शुक्रवारची जेवणाची सुट्टी अर्धा तास उशिरा मागितली. वेळ संध्याकाळी भरून देणार होता. फोरमन राजी होता. आक्षेप आमचा! आज एकाला दिले तर उद्या प्रत्येक जण मागेल आणि एकजूट फुटेल, असे पत्र व्यवस्थापनाला आम्ही आमच्या हाताने लिहिले. चार महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला. त्याची वर्गणी मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत चुकती होती.

सगळेच असे सरळ नसते, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टन शहराच्या बसगाड्यांवर शीख चालकाने पगडी घालावी की नाही, यावर १९६७ पासून १९६९ पर्यंत तंटा चालला आणि अखेर पालिका नमली. तिथे पगडीने बस काही हळू चालत नव्हती. पण बांधकामावरच्या हेल्मेटचे काय? आम्ही फुटलेली डोकी उचलली आहेत. आमचे मन कचरते. ब्रिटनच्या १९८९ च्या कायद्याने पगडीधारी शिखांना बांधकामावर ही सूट दिली. मात्र अपघात झाला तर हेल्मेट असूनही जी इजा झाली असती, तेवढ्यापुरतीच नुकसानभरपाई मिळते. हा सौदा आम्हांला प्रामाणिक वाटतो; पुरेसा वाटतो असे म्हणवत नाही.

२०११ साली त्याच कारखान्याचा नवा करार झाला. शुक्रवारी जेवणाची वेळ परस्परसंमतीने बदलता येईल, असे कलम आम्ही हट्टाने घालून घेतले. व्यवस्थापकांनी सही करता करता विचारले, याचा फायदा नेमका कोण घेणार? प्रेसखात्यात तेव्हा मुसलमान कामगार एकही उरला नव्हता.