पालकांचे दातांविषयीचे प्रश्न

(आंजी (मोठी) येथे केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



गेल्या परिषदेच्या वेळी मी आपणांस एक विनंती केली होती. मुलांच्या प्रकृतीविषयी पालक शाळेच्या दारात उभे राहून जे प्रश्न आपणांस विचारतात, ते चिठ्ठीवर उतरवून आणावेत, अशी ती विनंती होती. ताप, खोकला, जंत यांविषयीचे प्रश्न अधिक असतील अशी माझी कल्पना होती. चिठ्ठ्या उलगडून पाहिल्या तो निम्म्याहून अधिक दातांच्या निघाल्या. म्हणून आज नियोजित विषय बाजूस ठेवून त्या चिठ्ठ्यांनाच उत्तरे देण्याचे योजिले आहे. मी दंतवैद्य नव्हे, आपणांसारखाच अध्यापनशास्त्र शिकलेला शिक्षक आहे. तेव्हा वैद्यकीय मंडळींत ज्याविषयी दुमत नाही, तेवढेच सांगेन.

सर्वांत अधिक चिठ्ठ्यांवर जे वाक्य होते ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे : “दुधाचाच दात आहे न गुरुजी, पडूनच जाते तो!” या एका समजुतीपायी आपल्या गावांतून जितक्या दाढा गेल्या असतील, तितक्या अन्य कोणत्याही कारणाने गेल्या नसतील, असे मला वाटते. दुधाचे दात वीस असतात. बाळ सुमारे सहा महिन्यांचे झाले की ते येऊ लागतात आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पुरे होतात. सहाव्या वर्षापासून ते पडू लागतात हे खरे; परंतु सगळेच एकदम पडत नाहीत. दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. त्या कुजून अकाली निघाल्या म्हणजे शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात आणि मागाहून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही. मग तो आडवातिडवा उगवतो. पुढे उपवर मुलीच्या वाकड्या दातांची चिंता करणाऱ्या मातापित्यांना त्या चिंतेचे मूळ कित्येकदा या कुजलेल्या दुधाच्या दाढेत सापडेल.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे आणि ती ज्यांच्याकडे पहिलीचा वर्ग आहे त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. मूल सुमारे सहा वर्षांचे होते, म्हणजे ज्या वर्षी ते आपल्या पटावर येते त्याच वर्षी, त्याच्या जबड्यात सर्वांत मागे चार नव्या दाढा उगवतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही. रक्त येत नाही, दात छपरावर फेकण्याचा समारंभही होत नाही. त्यामुळे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही की ही दाढ कायमची आहे, जन्मभराची आहे. तिच्यावर खोल खाचा असतात, त्यांत बिस्किटाचा चिकटा बसतो, आणि दुसरी-तिसरीपर्यंत तिला काळे भोक पडलेले असते. आई म्हणते, दुधाची आहे, जाऊ द्या! ओळखण्याची रीत सोपी आहे. पुढच्या दोन दातांमधील फटीपासून एका बाजूस मोजत जावे. सहावा क्रमांक ज्या दाढेचा येतो, ती कायमची. सहा वर्षे आणि सहावा क्रमांक, हे लक्षात ठेवणे कठीण नाही.

दुसरी चिठ्ठी : “दाढेत कीड आहे, ती काढून मिळते काय?” बाजाराच्या दिवशी भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतून किडे काढून दाखविणारे लोक माझ्या लहानपणी येत असत. दाताची कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातील अतिसूक्ष्म जंतू गोड व पिठूळ पदार्थांवर पोसतात, त्यांपासून आम्ल तयार होते आणि ते दातावरचे कठीण आवरण विरघळवीत जाते. धुरी देणाऱ्याच्या वाटीत जे पांढरे दिसते, ते दाढेतून आलेले नसते. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, याला महत्त्व अधिक. जेवणाबरोबर खाल्लेला गुळाचा खडा फारसे बिघडवीत नाही. पण तासातासाला तोंडात टाकलेली गोळी घात करते. (शाळेत प्रत्येक वाढदिवसाला चॉकलेटे वाटण्याची रीत आपणच पाडली आहे. शेंगदाण्याच्या मुठीने मुलांचा आनंद कमी होईल असे मला वाटत नाही.)

दात कशाने घासावेत, या प्रश्नावर फार वेळ घेत नाही. कोळसा, राख, विटकरीची पूड यांनी आवरण झिजते, ती वर्ज्य करावीत. मऊ ब्रश, फ्लोराइड असलेली टूथपेस्ट लहान मुलास वाटाण्याएवढी, सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी. रात्रीचे घासणे अधिक मोलाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. शालेय पोषण आहारानंतर खळखळून चूळ भरणे आपल्या डोळ्यांदेखत होऊ शकते.

आता दाढ काढावी की भरावी? पुष्कळ पालक विचारतात, “एकदाचा काढूनच टाकला तर?” कीड वरवर असेल तर दंतवैद्य ती कोरून सिमेंट भरतात, ते बहुधा एका बैठकीचे काम असते. कीड आतील शिरेपर्यंत पोहोचली तर मुळांचा उपचार, ज्याला रूट कॅनाल म्हणतात, तो करून वर टोपी बसवितात. त्याला खर्च व खेपा अधिक. दाढ काढणे स्वस्त दिसते खरे. पण मग शेजारचे दात कलतात, समोरचा दात खाली उतरतो आणि मनुष्य एका बाजूने चावू लागतो. जी दाढ वाचण्यासारखी आहे ती वाचवावी. आणि जी वाचण्यासारखी नाही ती काढण्यास भिऊ नये. वरची दाढ काढल्याने नजर जाते, हा समज निराधार आहे. दाताची संवेदना नेणारी शीर वेगळी आणि दृष्टीची वेगळी. तसेच दवाखान्यात दात साफ केल्याने ते हलू लागतात, असेही नाही. किटणाने हिरडी व हाड आधीच सैल केलेले असते. किटण निघाल्यावर ते कळून येते, इतकेच. आजीआजोबांनी कवळी बसवावी काय, असेही एकाने विचारले आहे. अवश्य बसवावी. आपल्या जिल्ह्यातील सेवाग्रामी राहिलेले गांधीजीदेखील कवळी वापरीत असत.

आता ज्या चिठ्ठीने मी अस्वस्थ झालो, तिच्याकडे वळतो. एका भगिनीने लिहिले आहे : “दाढ दुखते म्हणून मुलीची आजी तिला तंबाखू धरायला देते. मी काय सांगावे?” आपल्या या आंजीतच सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. त्या केंद्राच्या भोवतालच्या २३ गावांत २००८ साली किशोरवयीन मुलामुलींची पाहणी झाली. आदल्या तीस दिवसांत तंबाखूचा कोणता ना कोणता पदार्थ घेतलेले मुलगे सुमारे ६८ टक्के आणि मुली सुमारे १२ टक्के आढळल्या. मुलांत खर्रा सर्वांत पुढे होता. मुलींत दात घासण्याची तपकीर. आणि काही मुलींनी तंबाखू हे दातदुखीवरचे औषध म्हणून सांगितले. म्हणजे दातदुखी हा व्यसनाचा एक दरवाजा आहे.

मी स्वतः वर्गावर असताना चौथीतील एक मुलगा आठवड्यातून दोन-दोन दिवस येत नसे. मी त्याला कामचुकार समजलो आणि एकदा सर्वांदेखत बोललोही. त्याच्या दाढेला मोठे भोक होते आणि तो त्यात तंबाखू भरून निजत असे, हे मला दुसऱ्याच मुलाकडून कळले. तेव्हाही मी केवळ तंबाखूबद्दल रागावलो. दाढ दाखवा असे त्याच्या बापाला सांगावयास गेलो नाही. दहा-बारा वर्षांनी तो मला एका बसस्थानकावर भेटला. त्याने वाकून नमस्कार केला, मी खिशातला पेढा पुढे केला, तर तो त्याच्या तोंडात जाईना. तुकडा करून सरकवावा लागला. दाढेपासून तो खर्ऱ्यावर गेला होता.

हा रोग सुपारीने होतो. गालाच्या आतील त्वचा ताठर होत जाते, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासे होते आणि पुढे त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. सुपारी ही तंबाखूवाचूनही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा हातानेच घोटला जातो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. आपापल्या शाळेचे अंतर मोजून पाहावे. मोठ्या मुलांना त्यांचीच तीन बोटे उभी करून तोंडात घालावयास सांगावे. ती जात नसतील तर त्या मुलास दवाखान्यात पाठवावे.

त्या भगिनीला उत्तर असे : आजीशी वाद घालू नये. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी, वेदनेपुरते लवंगेचे तेल बोळ्याने लावावे, आणि दाढ दंतवैद्याला दाखवावी. गाल सुजून ताप आला असेल तर त्याच दिवशी न्यावे. दुकानातून आणलेल्या गोळीने सूज ओसरते, पण भोक तसेच राहते.

दोन चिठ्ठ्या पुढच्या दातांच्या आहेत. सात ते दहा वर्षांच्या मुलाचे वरचे दात फटीफटीचे व बाहेर कललेले दिसतात. सुळे उतरल्यावर ते पुष्कळदा आपोआप जुळतात. बाराव्या वर्षानंतरही दात वाकडेच राहिले तर तारा लावण्याविषयी विचारावे. तोपर्यंत वर्गात कोणास ‘दातळ्या’ म्हणू देऊ नये, आणि आपणही म्हणू नये. दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतील तर ती अस्वच्छता नव्हे. पाण्यातील जादा फ्लोराइडने दात घडतानाच ते पडतात. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत असे पाणी आहे. घासून ते जात नाहीत. त्या मुलास घासण्याची शिक्षा करू नये.

खेळताना कायमचा दात मुळासकट निखळला तर तो टाकू नये. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, मळला असल्यास पाण्यात हलकेच बुचकळावा, घासू नये, आणि वाटीभर थंड दुधात घालून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवावयाचा नसतो.

नेण्याची ठिकाणे आपणांस ठाऊक आहेत. आंजीचे प्राथमिक आरोग्य केंद्र प्रथम. तेथून चिठ्ठी घेऊन सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते. दातांची तपासणी त्याच्या यादीत आहे. पथक येते तेव्हा आपण आहार शिजविण्याच्या गडबडीत असतो आणि मुले रांगेतून भराभर पुढे सरकतात. म्हणून पथक येण्याआधीच पहिली व दुसरीच्या मुलांना उजेडात उभे करून सहाव्या क्रमांकाची दाढ पाहावी. जिच्यावर काळा ठिपका असेल त्या मुलाचे नाव वहीत लिहावे, आणि ती वही डॉक्टरांच्या हाती द्यावी. पुढील परिषदेस येताना ती वही बरोबर आणावी. किती नावे लिहिली आणि त्यांपैकी किती मुले दवाखान्यापर्यंत पोहोचली, एवढेच मी विचारणार आहे.