ठरवण्याआधी एक प्रश्न
(गणेशोत्सवातील भाषण)



मी डिप्लोमा झालेला साधा सरकारी नोकर, वक्ता नव्हे. पण निर्णय चुकवण्याचा अनुभव माझ्याकडे भरपूर आहे. त्यावरून एक कळलं. माणूस अक्कल कमी म्हणून चुकत नाही. ठरवण्याआधी विचारायचा एक प्रश्न राहून जातो, म्हणून चुकतो.

पहिलं उदाहरण आपल्या बीदरचंच. १४७२चा महमूद गवानचा मदरसा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. या वजिराच्या विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवलं, कोऱ्या कागदावर शिक्का मिळवला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला चालून येण्याचं आमंत्रण लिहिलं. सुलतान नशेत होता. शिक्का माझा, पण मजकूर माझा नाही, असं गवाननं सांगून पाहिलं. सुलतानानं चौकशीच केली नाही. १४८१ साली गवानचा शिरच्छेद झाला. वर्षभरात सुलतानही गेला आणि पुढं बहमनी राज्याची पाच शकलं झाली. राज्य त्या एका पत्रानं फुटलं असं नाही, पण सावरणारा माणूस त्या पत्रानं गेला.

आज असं पत्र मोबाईलवर येतं. भावकीत, भागीदारीत त्यावरून बोलणं तुटतं. तेव्हा पहिला प्रश्न: दुसऱ्या बाजूचं ऐकलं का? आणि राग असेल तर एक रात्र मध्ये जाऊ द्या.

दुसरं उदाहरण तुरीचं. २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली. पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूरच पेरली, पाऊसही चांगला झाला. देशातलं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि बाजारभाव ५०५० रुपयांच्या हमीभावाखाली आला. दुसरा प्रश्न: मी करतोय तेच सगळे करतायत का? पेरणी असो वा दुकान, कालच्या भावावर उद्याचा हिशेब मांडू नका.

तिसरं उदाहरण माझं. शेतात बोअर मारला, चारशे फूट, कोरडा. एवढे पैसे गेलेत, आता मागं कसं फिरायचं, म्हणून दुसरा मारला. तोही कोरडा. तिसऱ्यासाठी बायकोचे दागिने गहाण ठेवायला निघालो, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो, पहिले दोन मारलेच नसते, तर आज इथं मारला असता का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. दागिने वाचले. त्या वर्षी शेततळं खोदलं. तिचाच प्रश्न आज तुम्हाला तिसरा म्हणून देतो. गेलेला पैसा परत आणायला आणखी पैसा पाठवू नका.

आपल्या बाप्पाचे कान सुपाएवढे. त्यातलं थोडं आपल्याकडं आलं, घरच्या माणसाचं वेळेवर ऐकता आलं, तरी पुष्कळ नुकसान टळेल.

गणपती बाप्पा मोरया!