खलनायकाच्या वस्तू

डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत झालेल्या सरकारी लिलावात एक जुनाट हिरवी ह्युंदाई ॲक्सेंट ३२ हजार रुपयांना गेली. ती दाऊद इब्राहिमची म्हणून जप्त झालेली होती. घेणाऱ्या हिंदू महासभेच्या नेत्याने ती गाझियाबादला नेली आणि लोकांसमोर जाळली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये खेड तालुक्यातल्या मुंबके गावची त्याच्या कुटुंबाची जमीन लिलावात निघाली. त्यातल्या एका तुकड्याची राखीव किंमत होती १५ हजार ४४० रुपये, आणि क्षेत्र दोन गुंठ्यांहूनही कमी. त्यावर बोली गेली २ कोटी १ लाखावर! कोकणातली माती एवढी महाग नसते. बोली नावावर लागली होती.

मी तळेगाव दाभाड्यात राहतो आणि जुन्या वस्तू जमवतो. आमच्या गावात १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत फिरून तो निधी जमवला, लोकमान्यांनी त्याला बळ दिलं. त्या कारखान्यातली म्हणून मिळालेली एक कंदिलाची काच माझ्याकडे आहे. घरी येणारे पाहुणे तिच्याकडे नजरही टाकत नाहीत. "काका, एखाद्या डाकूचं, खुन्याचं काही नाही का?" असं मात्र हमखास विचारतात. मला त्यांचा राग येत नाही. वाईट माणसाचा टोपी-चष्मा पाहिला की तोही आपल्यासारखाच जेवत-झोपत होता हे एकदम अंगावर येतं, आणि त्याची भूल पडते.

मध्यंतरी चाकणच्या एका कारखान्यातला तरुण इंजिनिअर माझ्याकडे आला. त्याने बऱ्याच पैशांना एक सिगारेटची डबी घेतली होती, म्हणे हिटलरच्या एका अधिकाऱ्याची. सोबत छापील प्रमाणपत्र. मी ते उलटून पाहिलं, तर सही विकणाऱ्याचीच! म्हणजे आंबेवाल्यानेच आपल्या आंब्याला हापूस म्हणावं, तसं.

त्याला मी गेर्ड हायडेमान या जर्मन पत्रकाराची गोष्ट सांगितली. या गृहस्थाने १९७३ मध्ये नाझी सेनानी गोरिंगची नौका विकत घेतली. तिच्या डागडुजीत तो कर्जात बुडाला, पण नाद सुटला नाही. वस्तू आणून देणारे भेटत गेले आणि अखेर कोनराड कुयाऊ नावाच्या माणसाने त्याला हिटलरच्या रोजनिश्या आणून दिल्या. 'स्टेर्न' या साप्ताहिकाने त्यांच्यासाठी ९३ लाख मार्क मोजले आणि एप्रिल १९८३ मध्ये गाजावाजा करून त्या जाहीर केल्या. दोन आठवड्यांत सरकारी तपासणीत निघालं, की कागद आणि बांधणीत महायुद्धानंतरचे पदार्थ आहेत. कुयाऊने त्या स्वतः लिहिल्या होत्या. दोघेही तुरुंगात गेले. हायडेमान मुरलेला बातमीदार होता, हे विसरू नका. वस्तू खरी असावी असं मनापासून वाटू लागलं, की डोळे कामाला येत नाहीत.

"पण खरी असली तर?" इंजिनिअरने विचारलं. प्रश्न रास्त होता. २०१९ मध्ये म्युनिकला हिटलरच्या वस्तूंचा लिलाव झाला. लेबनॉनमध्ये जन्मलेले जिनिव्हाचे उद्योजक अब्दल्ला शातिला यांनी त्यातली हिटलरची टोपी ५० हजार युरोंना घेतली, आणखीही काही वस्तू घेतल्या. आपल्या दिवाणखान्यासाठी नव्हे. नवनाझींच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांनी त्या एका ज्यू संस्थेच्या स्वाधीन केल्या. मला हे मोटार जाळण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं. राख झाल्यावर पुरावाही जातो.

तर त्या मुलाला मी दोन गोष्टी सुचवल्या. डबी दर्शनी कपाटात मांडू नकोस, घरी लहान मुलं आहेत, ती तिला बक्षीस समजतील. आणि आत चिठ्ठी ठेव: कुणाकडून घेतली, कधी, किती पैशांना, आणि पुढे 'विक्रेत्याच्या सांगण्यानुसार' हे दोन शब्द. तो म्हणाला, असं लिहिलं तर तिची किंमतच राहणार नाही.

माझ्या कंदिलाच्या काचेवर कारखान्याची खूण नाही. ज्या आजोबांकडून ती घेतली, त्यांच्या शब्दावरच सारी भिस्त आहे. तिच्यापाशीही मी तीच चिठ्ठी ठेवली आहे. मुलगा ती वाचून हसला आणि डबी खिशात घालून गेला.