औषधाचा पैसा औषधालाच
(मझौली येथील मराठी कुटुंबांच्या वार्षिक मेळाव्यातलं अध्यक्षीय भाषण)



आपल्या मंडळात अध्यक्षपद वर्षभराचं असतं, पण बोलायला मिळतं ते आजच्या दिवशीच. म्हणून बोलायचं ते बोलूनच खाली बसणार आहे. मला निरोप आला होता की मेळावा मझौलीत आहे, तर विष्णुवराहाच्या देवळावर बोला, कलचुरींवर बोला, नाहीतर परप्रांतात मराठी कशी टिकेल यावर बोला. देवाचं दर्शन मी सकाळीच घेतलं. त्या मूर्तीवर बोलायला या गावात माझ्याहून जाणती माणसं आहेत. माझी सगळी नोकरी कोषालयात गेली. मद म्हणजे खर्चाचं शीर्ष, आवंटन म्हणजे वाटून आलेला निधी, शिवाय आक्षेप आणि बिल, हेच माझं वाचन. म्हणून मी बजेटवर बोलणार आहे, आणि त्यातही ज्या पैशावर आजारी माणूस, म्हातारी बाई आणि अंगणवाडीतलं पोर जगतं त्या पैशावर. हा विषय मेळाव्याला शोभत नाही, असं काही जणांनी गेल्या आठवड्यात घरोघरी फोन करून सांगितलंय. ते मला कळलेलं आहे.

मागे बघा. गोखल्यांचा फोटो आहे, बाबासाहेबांचा आहे. दोघांना हार घातले. गोखल्यांनी काय केलं म्हणून हार घातला, हे इथल्या तरुणांपैकी कोणी सांगेल का? २६ मार्च १९०२. कलकत्त्यात बजेटवरची चर्चा. व्हाइसरॉय कर्झन समोर. सरकार म्हणत होतं, तिजोरीत शिल्लक आहे म्हणजे देश सुखात आहे. पस्तीस वर्षांचा हा माणूस उभा राहिला आणि सरकारच्याच आकड्यांनी त्याने दाखवून दिलं की ही शिल्लक सुखाची नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त उपटलेल्या कराची आहे. कोणता काळ होता तो? १८९६-९७ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा. आपला जबलपूर जिल्हा त्यात होरपळला होता. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत मध्य प्रांताची लोकसंख्या वाढायची ती घटली. माणसं मरत होती आणि तिजोरीत शिल्लक पडत होती! गोखले त्यानंतर दरवर्षी बोलत राहिले. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं त्यांचं विधेयक मात्र १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पडलं तरी त्यांनी विषय सोडला नाही. नामदार ही पदवी लोकांनी त्यांना कायमची लावली ती सभागृहातल्या या कामासाठी.

बाबासाहेबांबद्दल आपण संविधान म्हणतो आणि थांबतो. १९२७ मध्ये ते मुंबईच्या विधिमंडळात नेमलेले सदस्य म्हणून बसले आणि आल्या आल्या बजेटवर बोलले. शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी साधा हिशेब मांडला. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. जेवढं लोकांकडून अबकारीत घेता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी होती. पुढच्या वर्षी गिरणीत काम करणाऱ्या बायांना बाळंतपणात पगारी रजा मिळावी म्हणून विधेयक आलं, तेव्हा त्याच्या बाजूने ते उभे राहिले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आणि १९३० मध्ये कुठे झाला, माहीत आहे? आपल्या मध्य प्रांतात. तेव्हा आपली राजधानी नागपूर होती. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत इथल्या दवाखान्याचं औषध नागपुरात मंजूर होत होतं. म्हणून मला कोणी म्हणू नये की ही महाराष्ट्राची भांडणं आहेत, आपण जबलपूरकरांनी त्यात का पडावं. बाबूराव परांजपे यांना याच जबलपूरने एकाहून जास्त वेळा लोकसभेत पाठवलं. या मातीत मराठी माणूस पाहुणा नाही.

आता कपात कशी होते ते सांगते, कारण ते मी बघितलेलं आहे. वर्तमानपत्रात छापून येते ती कपात लहान असते. मोठी कपात आकडा न हलवता होते. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन १९९५ मध्ये महिना ७५ रुपयांनी सुरू झाली. २००६ मध्ये २०० झाली. साठ ते एकोणऐंशी वयाच्या म्हाताऱ्या माणसासाठी दिल्लीचा हिस्सा जवळजवळ दोन दशकं तिथेच थांबलाय. महागाई थांबली होती का? तूरडाळ थांबली होती का? कोणी म्हणणार नाही की सरकारने पेन्शन कापली. पण दर वर्षी कापली जातेच आहे. आपलं राज्य स्वतःचे घालून ६०० देतं, ते २०१९ पासून. सिहोऱ्याला डॉक्टरकडे जायचं-यायचं बसभाडं आणि एक औषधाची पर्ची, एवढ्यात ते संपतात.

अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराला २०१७ मध्ये दिवसाचे आठ रुपये ठरले, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तेच आठ रुपये. २०१७ च्याच राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात तो १.८४ टक्के होता. आणि आपलं राज्य? २०२० च्या नमुना नोंदणीत मध्य प्रदेशात हजारातली ४३ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. देशात २८, केरळात ६. केरळातली आई काय वेगळी असते का हो? तिच्या गावच्या केंद्रात नर्स असते आणि नर्सच्या कपाटात औषध असतं.

मार्च महिन्यातली एक रात्र मी विसरू शकत नाही. कुठलं कोषालय ते सांगत नाही. वर्षाची शेवटची तारीख, बिलांचे ढीग. एका ग्रामीण आरोग्य केंद्राचे वयस्क कंपाउंडर संध्याकाळपासून बाकावर बसून होते. सलाइन, ओआरएसची पाकिटं, सापाचं इंजेक्शन, यांचं बिल. पुरवठादाराने सांगितलं होतं की जुनं बिल निघाल्याशिवाय नवा माल देणार नाही. आवंटन आलंच नाही, म्हणून बिल परत. त्याच रात्री उशिरा दुसरं आवंटन येऊन पोचलं, ते एका विश्रामगृहाच्या सोफ्याचं आणि पडद्यांचं. ते बिल बाराच्या आत पास झालं. दोन्ही निर्णय नियमाला धरून होते. कोणी एक रुपया खाल्ला नाही. वर कुठेतरी कोणीतरी ठरवलं होतं की वर्षाच्या शेवटी उरलेला पैसा कुठे जाईल, आणि त्या खोलीत सापाच्या इंजेक्शनच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. ते काका कागद खिशात घालून, नमस्कार करून गेले. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्या माणसाला साप चावतो, हे त्या खोलीत कोणाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

म्हणून सभागृहात बोलणारा माणूस लागतो. मे २०२५ मध्ये महाराष्ट्रात काय घडलं ते तुम्ही वाचलं असेल. लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५.७० कोटी वळवले गेले. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी उघडपणे अर्थखात्याविरुद्ध आवाज उठवला. या खात्याची गरजच वाटत नसेल तर ते बंदच करून टाका, इथपर्यंत ते बोलले. सरकारात राहून बोलले. त्यांचं राजकारण मला पटो न पटो, हे बोलणं मी मोलाचं मानते. दलित मुलांच्या वसतिगृहाचा आणि शिष्यवृत्तीचा पैसा हा कोणाच्या मर्जीचा पैसा नाही.

इथे बसलेल्या कित्येक जणींच्या खात्यात आपल्या राज्याच्या लाडली बहना योजनेचे पैसे येतात. घ्या, हक्काने घ्या, एकीनेही लाजू नये. माझं म्हणणं एवढंच की बहिणीला देताना तिच्या सासूच्या पेन्शनला, तिच्या पोराच्या ताटाला हात लावायचा नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या जेवणात आठवड्यातून एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी पैसा बंद झाला. वाचली ती रक्कम सुमारे ५० कोटी. एवढ्या मोठ्या राज्याला ५० कोटी! आपल्या राज्यात तर २०१५ मध्ये अंगणवाडीत अंडं येऊच दिलं नाही. मी स्वतः शाकाहारी आहे, घरात आजही अंडं येत नाही. पण माझ्या सोवळ्यासाठी गोंडांच्या पोराने अशक्त का राहायचं? ज्याच्या घरी चालतं त्याला मिळालंच पाहिजे. हा विषय मी सोडणार नाही, कोणाला आवडो न आवडो.

आणि वि. स. पागे यांचं नाव आज कोणी घेतलं नाही म्हणून मी घेते. विधान परिषदेचे सभापती. १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यात विसापूरला प्रयोग केला, आणि त्यातून रोजगार हमी उभी राहिली. पाग्यांचं मोठेपण कशात? त्या योजनेला १९७७ मध्ये कायद्याचं कवच मिळालं, आणि त्याआधी १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर लावला गेला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचं काम पोसायचं. नुसती योजना अर्थखातं एका ओळीत मारू शकतं, कायद्याला हात लावायला त्याला सभागृहात यावं लागतं. तरीही सावध राहा. देशाची रोजगार हमी २००५ च्या कायद्याने आली, आणि २०२२-२३ चा सुधारित अंदाज ८९,४०० कोटी असताना २०२३-२४ च्या बजेटमध्ये तिला ६०,००० कोटी ठेवले. कायदा तेव्हा जागच्या जागी होता, पैसा कमी झाला. मग काय झालं? काम मागितलं तरी मिळेना, केलं तर मजुरी थकू लागली.

आता घरचं. हो, बोलणार आहे. हेच काम आपण, या मंडळाने, केलेलं आहे.

आपला रुग्णसहाय्य निधी कोणी उभा केला? बायकांनी. दिवाळीत चकल्या, करंज्या विकून, भिशीतला एकेक हप्ता बाजूला टाकून. मेडिकल कॉलेजात भरती झालेल्या कुठल्याही मराठी माणसाला, आणि त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या बिगरमराठी माणसालाही, त्यातून औषध मिळत होतं. मग एका वार्षिक सभेत, जेवणाची पानं मांडली गेली असताना, घाईने ठराव आला की हा निधी महोत्सव निधीत विलीन करावा. झाला विलीन. मांडव मोठा झाला, पाहुणे विमानाने आले, स्मरणिका छापली. तिचे गठ्ठे अजून कपाटात आहेत. त्यानंतर आपल्यातल्या एका वहिनींचं डायलिसिस सुरू झालं. त्यांच्या मुलाने अर्ज केला, तर उत्तर मिळालं की असा मदच आता नाही. त्या घरातल्या बांगड्या मोडल्या. मी भोपाळच्या आणि दिल्लीच्या अर्थखात्यांना जे म्हणते तेच, त्याच शब्दांत, या मंडळाला म्हणते. कपात इथे झाली तेव्हा मी उभी राहून विरोध केला होता, इतिवृत्तात नोंद आहे. मला खाली बसवलं गेलं. आज मला खाली बसवता येणार नाही.

कोषाध्यक्ष भाऊ त्या सभेत गप्प राहिले, असं कोणीतरी आज मला म्हणालं. भाऊंना यात ओढू नका. हिशेब तेव्हा त्यांच्या हातात नव्हता, आणि नंतर रात्री-अपरात्री आपल्या स्कूटरवर पेशंट नेलेत ते त्यांनीच. ज्यांनी ठराव मांडला ते पहिल्या रांगेत शाल पांघरून बसतात आणि विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवाराशेजारी फेटा बांधून उभे राहतात. त्यांनी त्या उमेदवाराला एकदा तरी विचारलं का, की बाबा, तू निवडून आल्यावर आरोग्याच्या मागणीवर बोलशील का? मझौलीच्या दवाखान्यात डॉक्टरची किती पदं रिकामी आहेत, हा प्रश्न लावशील का? नाही विचारलं. फोटो काढला.

आपली मतं इथे मूठभर आहेत, हे मला माहीत आहे. पण आपल्यात निवृत्त मास्तर आहेत, नर्स आहेत, ऑर्डनन्स फॅक्टरीतले, रेल्वेतले हिशेबनीस आहेत. बजेटची पुस्तकं विधानसभेत मांडली की कोणालाही बघता येतात. ती वाचायची, मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि खरा खर्च हे तीन स्तंभ शेजारी ठेवायचे, आणि आपल्या आमदाराच्या हातात द्यायचे. पक्ष कुठलाही असो. त्याला तयार प्रश्न द्यायचे. हे काम करायला मी तयार आहे, आणि या वर्षी मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी बसणार आहे. ज्यांना आकडे वाचता येतात त्यांनी यावं. येत नाहीत त्यांनीही यावं, मी शिकवीन.

सचिवांकडे मी दोन ठराव लेखी दिले आहेत. एक: रुग्णसहाय्य निधी महोत्सव निधीतून वेगळा काढावा, त्याचं खातं स्वतंत्र असावं, आणि तीन चतुर्थांश सभासदांच्या लेखी संमतीशिवाय त्यातला पैसा दुसऱ्या कामाला वळवता येऊ नये. दोन: राज्यातल्या वृद्ध, विधवा आणि अपंग पेन्शनची रक्कम दर वर्षी महागाईशी जोडावी आणि ते कायद्यात लिहावं, अशी मागणी मंडळाच्या लेटरहेडवर आपल्या आमदारांना, अर्थमंत्र्यांना आणि विरोधी पक्षनेत्यांना जावी. दोन्ही ठराव जेवणाच्या आधी मतदानाला येतील. पानं मांडायची थांबवा. पहिल्या ठरावाला अनुमोदन कोण देतंय?