मनाचा वैद्य निवडताना

(हीरकमहोत्सवानिमित्त पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी शाळेत नववीपर्यंत शिकलेला एक मुलगा डोळ्यांपुढे आणावा. वडिलांची बदली चंडीगढला झाली. तेथील सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेची प्रयोगशाळा आहे. तेथे ते रुजू झाले. नव्या शाळेत मुलगा अबोल झाला. जेवण तुटले, सकाळी दप्तर उचलताना पोटात गोळा येऊ लागला. अखेर आईवडिलांनी त्याला समुपदेशकाकडे नेले. मोडक्या हिंदीत तो म्हणाला, ‘मुझे शिक्षा से डर लगता है। सब मेरी चेष्टा करते हैं।’ मराठीत शिक्षा म्हणजे दंड आणि चेष्टा म्हणजे टवाळी. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. वहीत नोंद झाली ती अभ्यासाच्या भीतीची. मुलांची टवाळी आणि मास्तरांचा धाक वहीबाहेरच राहिला. हा मुलगा कल्पित आहे, परंतु शब्दांतील ही दरी कोणत्याही शब्दकोशात पाहता येईल.

अशा कुटुंबाने काय करावे?

चंडीगढ या बाबतीत दरिद्री शहर नव्हे. तेथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत, म्हणजे पीजीआयमध्ये, डॉ. एन. एन. विग यांनी १९६३ साली मनोविकारविभाग उभा केला. सेक्टर ३२ मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही असा विभाग आहे. पुढे पीजीआयचे संचालक झालेले डॉ. जसवंतसिंग नेकी हे पंजाबीतील नामवंत कवीही होते. त्यांनी १९७३ साली एका निबंधात गुरु-शिष्य नात्याचा मानसोपचाराच्या दृष्टीने विचार मांडला. पाश्चात्त्य पद्धतीत उपचारक काहीसा अलिप्त राहतो. आपल्याकडे आलेला माणूस मात्र वडीलधाऱ्याचा आधार आणि स्पष्ट सल्ला अपेक्षितो. ही अपेक्षा म्हणजे दुबळेपणा नव्हे, हे ध्यानात घेतले की पहिल्या भेटीतील पुष्कळसा अपेक्षाभंग टळतो. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसापर्यंत आणली. तीत उपचारक वाद घालतो, समजुती तपासायला लावतो. कोणाला हा वाद मानवतो, कोणाला आधी नुसते ऐकून घेणारे माणूस हवे असते.

आधी पदव्या समजून घ्याव्यात. औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि संवादोपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र पुष्कळ सैलपणे लावली जाते. तेथे शिक्षण कोठे झाले, अनुभव कोणत्या वयोगटाचा, पद्धत कोणती, शुल्क किती, हे सरळ विचारावे. भाजी घेताना आपण याहून अधिक चौकशी करतो!

मग येतो भाषेचा प्रश्न. ‘कसंतरी होतंय’ या दोन शब्दांत मराठी माणूस मळमळीपासून भयापर्यंत सारे सांगून जातो. ‘जीव नकोसा झालाय’ हे कोणी उकाड्याने म्हणते, तर कोणी खरोखरच मरणाच्या उंबरठ्यावरून. मराठी ऐकणाराही येथे थांबून विचारील. परभाषक ते नुसते वैतागाचे वाक्य समजला, तर किंमत फार मोठी पडते. म्हणून अडलेला शब्द तसाच मराठीत उच्चारावा आणि त्याचा अर्थ उदाहरणाने समजावून द्यावा. चांगला उपचारक त्यासाठी वेळ देतो. जो देत नाही, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

तथापि आपल्याच भाषेचा, आपल्याच समाजाचा उपचारक सर्वांना मानवतो असे नाही. परगावी मराठी कुटुंबे थोडी. गणपतीच्या आरतीला तोच उपचारक शेजारी उभा राहील, या कल्पनेनेच एखादीचे ओठ मिटतात. जातीवरून अपमान सोसलेल्या विद्यार्थ्याला समोरच्याच्या आडनावाची धास्ती वाटू शकते. काही गोष्टी स्त्रीपाशीच बोलता येतात. यात कमीपणा कसला? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मात्र जिवाला धोका असेल तेथे त्याला अपवाद आहेत, तेही आरंभीच विचारून घ्यावेत.

अंतराची अडचण आता पूर्वीइतकी उरलेली नाही. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची नियमावली आली आणि चंडीगढात बसून पुण्याच्या वा ठाण्याच्या तज्ज्ञाशी मराठीत बोलणे सोपे झाले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली मानसिक आरोग्य संस्था कार्यरत आहेच. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही शासकीय सेवा विनामूल्य मिळते, तीत मराठीही आहे. मात्र जिवावर बेतण्याजोगी अवस्था असेल, तर भाषा न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे. पडद्यावरचे बोलणे तेथे पुरत नाही.

पुन्हा त्या मुलाकडे. दुसऱ्या भेटीत वडिलांनी केवळ एक केले : मुलाला मराठीत बोलू दिले आणि स्वतः दुभाषा न होता बाहेर जाऊन बसले. त्याने वहीच्या मागच्या पानावर वर्गाचे चित्र काढले, चार आकृत्या रेखाटल्या आणि त्यांच्याकडे बोट दाखवून ‘चेष्टा’ हा शब्द पुन्हा उच्चारला. समुपदेशिकेने लेखणी खाली ठेवली आणि विचारले, ‘ये चार कौन हैं?’