शाई तपासायची कशानं?



एकाच बाटलीतली निळी शाई घ्या. कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं ती कागदावर फासा. शेजारी टाकानं दोन ओळी लिहा आणि त्याखाली रोजच्या शाईपेनानं सही करा. वाळल्यावर पाहाल तर काडीचा पट्टा गडद, जवळजवळ जांभळा दिसेल. टाकाची अक्षरं सुरुवातीला ठळक आणि पुढे फिकट होत गेलेली असतील. सही मात्र मध्यम निळी, थोडी फिकीच वाटेल. यातला शाईचा खरा रंग कोणता?

आजचं व्याख्यान या प्रश्नाभोवती आहे. शाईपेन वापरणारी माणसं नवी बाटली घेतली की आधी नमुना काढून पाहतात. शाई कोणती घ्यावी यावर पुष्कळ बोललं जातं, पण नमुना कशानं काढावा यावर फारसं कोणी बोलत नाही. माझ्या मते आधी विचार साधनाचा करायला हवा. कागदावर शाईचा किती जाड थर बसतो हे साधन ठरवतं, आणि डोळ्याला दिसणारा रंग बहुतांशी त्या थरावर अवलंबून असतो. थर जाड असला की तो जास्त प्रकाश शोषतो आणि गडद दिसतो. थर फारच जाड असेल आणि कागद शाई पिणारा नसेल, तर रंगद्रव्य वरच वाळून बसतं आणि त्यावर कधी कधी तांबूस चकाकी येते. बारीक निबेनं लिहिणाऱ्याला ती चकाकी आपल्या वहीत कधीच दिसत नाही. काडीनं काढलेला नमुना पाहून जो बाटली घेतो, त्याची निराशा अशी ठरलेलीच असते.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यात अक्षर कसं असावं हे तर आहेच, पण साधनांचा संग्रहही आहे: निरनिराळ्या प्रदेशांतून आणलेले बरू, ते तोडण्याची हत्यारं, रेघा आखायची सामग्री, लाल रंगासाठी हिंगूळ, भिजवून वाळवून ठेवलेली मषी. ज्याला पोथी शेकडो वर्षं टिकवायची आहे, त्यानं साहित्य आधी पारखून घ्यावं, ही दृष्टी त्यामागे आहे. त्या काळची काळी शाई काजळीची, बाभळीच्या डिंकात घोटलेली. काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. तो उन्हानं उडत नाही, म्हणून पेशवे दप्तरातले मोडी कागद आजही वाचता येतात. पण हीच शाई शाईपेनात भरली तर तिचे कण निबेखालच्या बारीक नाळेत अडकून बसतात आणि पेन कायमचं जाऊ शकतं. बरू सोसतो ते पेनाला सोसत नाही.

शाईपेनासाठी लागते ती पाण्यात पूर्ण विरघळलेल्या रंगाची शाई, किंवा हिराकस आणि टॅनिन यांच्यापासून बनणारी लोहशाई. भारतीय मानकांतही या दोन प्रकारांसाठी वेगळी मानकं आहेत. महाराष्ट्रात शाई घरोघर पोचवली ती दांडेकर बंधूंनी. दिगंबर परशुराम आणि गोविंद परशुराम दांडेकर यांनी 1931 साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावानं शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. पुढे कॅमल शाई आली आणि कॅमलिन हे नाव कंपासपेटीपर्यंत पोचलं. तिकडे बंगालमध्ये मैत्र बंधूंनी 1934 मध्ये सुलेखा सुरू केली. दोन्हींमागे स्वदेशीची प्रेरणा होती. गोळी पाण्यात विरघळवून शाई करणाऱ्या पिढीला नमुना काढून पाहण्याचं वळण आपोआप लागलं असणार, कारण पाणी किती घालायचं ते स्वतःच ठरवायचं होतं. दोन ओळी लिहून पाहायच्या, फिकी वाटली तर अजून अर्धी गोळी. तयार बाटली आली आणि बहुतेकांची ती सवय मोडली.

आता एकेक साधन पाहू.

कापसाची काडी स्वस्त आहे, किराणा दुकानातही मिळते, आणि एकदा वापरून टाकून देता येते, त्यामुळे एका शाईचा अंश दुसरीत जात नाही. हे तिचे गुण. पण तिच्या पट्ट्याला लिहिण्याशी काही देणंघेणं नाही. शाईत कोणकोणते रंग लपलेत, चकाकी येते का, एवढंच तिला विचारावं. ब्रशही त्याच जातीचा, फक्त अधिक उपयोगी. पट्ट्याच्या एका टोकाला ओला ब्रश फिरवला की रंग पाण्याबरोबर पसरतो आणि काळ्या शाईतून जांभळा, हिरवा, कधी नारिंगी वेगळा होऊन बाहेर येतो. टीपकागदाच्या पट्टीचं टोक पाण्यात बुडवून शाळेत जो प्रयोग करतात, तोच हा.

काचेच्या पेनाचं सध्या मोठं आकर्षण आहे. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला लेखणीचं आजचं रूप आलं. टोकाशी पीळ दिलेल्या खाचा असतात, त्यांत केशाकर्षणानं शाई चढते. पाण्यात एकदा खळबळलं की स्वच्छ. एका बैठकीत अनेक शाया पाहायच्या असतील तर याला तोड नाही. पण ते बुडवल्यावर जास्त शाई सोडतं आणि ओळ संपेपर्यंत कोरडं होत जातं. शिवाय हातानं घडवलेलं असल्यामुळे दोन पेनांची टोकं सारखी नसतात. तुमच्या काचपेनाचा नमुना माझ्या काचपेनाच्या नमुन्याशी जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

टाक मला अधिक प्रामाणिक वाटतो. पोलादी निब कागदावर टेकते, दाबानं फाकते, आणि शाईपेनाच्या निबेच्या बरीच जवळ जाते. एक काळजी घ्यायची. नव्या निबेवर गंज चढू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो साबणाच्या पाण्यानं धुऊन काढल्याशिवाय शाई तिच्यावर ठरत नाही, थेंब होऊन घसरते, आणि दोष मात्र शाईला दिला जातो. लोहशाई वापरली असेल तर निब लगेच धुवा. ही शाई आम्लधर्मी असते आणि पोलाद खाते.

देवनागरीसाठी सुलेखनाचा बोरू आणि तिरकी कापलेली निब हवीच. शिरोरेघेचा जाड फराटा आणि उकाराचं बारीक वळण एकाच अक्षरात येतं, त्यामुळे शाई दाट कुठे दिसते आणि विरळ कुठे, हे एका ‘कू’मध्ये कळतं. परदेशी नमुनापत्रकांवर रोमन अक्षरं असतात. आपण मराठी लिहिणार असू तर नमुनाही मराठीत काढावा.

आता ज्या साधनाबद्दल मला या गावात मुद्दाम बोलायचं आहे, त्याकडे येतो. राजूर हे कोळशाचं गाव. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या वणी नॉर्थ क्षेत्रातली राजूरची भूमिगत खाण तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. खाणीचे नकाशे राखणं कायद्यानं बंधनकारक आहे, 1957 च्या कोल माइन्स रेग्युलेशन्समध्येही त्याचे तपशीलवार नियम होते. संगणक येण्यापूर्वी सर्वेक्षक असे नकाशे रूलिंग पेननं काढत. दोन पोलादी पात्यांचं हे पेन. मधल्या स्क्रूनं पात्यांतलं अंतर कमी-जास्त करायचं, फटीत शाईचा थेंब सोडायचा आणि पट्टीला लावून रेघ ओढायची. हव्या त्या जाडीची रेघ, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी.

शाईच्या नमुन्यासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही. आधी बारीक रेघ ओढा, मग त्याहून जाड, मग आणखी जाड. बारीक, मध्यम आणि रुंद निबेत ही शाई साधारण कशी दिसेल, ते तीन रेघांत समोर येतं. सहा शाया पाहायच्या तरी स्क्रू तोच, रेघ तीच. तुलना करायची तर एक गोष्ट सोडून बाकी सगळं स्थिर ठेवावं लागतं, आणि ते या पेनाला जमतं. नकाशासाठी वापरत ती लाखमिश्रित काळी इंडियन इंक मात्र शाईपेनात चुकूनही भरू नये. ती वाळली की विरघळत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरात वडिलांची किंवा आजोबांची ड्रॉइंगची पेटी असेल तर उघडून पाहा. पाती गंजली असतील तर बारीक पॉलिश पेपरवर हलकेच घासा.

सगळ्यांत शेवटी खुद्द आपलं शाईपेन. बाटली घ्यायची की नाही, हा निर्णय त्यावरच घ्यावा. मेडिकलमधून दोन मिलीची सिरिंज आणा, बाटलीतून अर्धा मिली शाई काढा, पेनात सोडा आणि पानभर लिहा. सिरिंजचा आणखी एक फायदा आहे: वापरलेलं टोक बाटलीत बुडवावं लागत नाही. बुडवलं की आधीच्या शाईचा अंश आत जातो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत बाटलीत बुरशी धरू शकते.

कागदाबद्दल थोडक्यात. नमुना त्याच कागदावर काढा ज्यावर लिहिणार आहात. महागड्या गुळगुळीत जपानी कागदावर सुंदर दिसणारी शाई शाळेच्या वहीवर फुटते, मागच्या पानावर उमटते. आपल्या शेजारी बल्लारपूरला अनेक वर्षं बांबूच्या लगद्याचा कागद होत आला. असा रोजचा कागदच आपली कसोटी आहे. नमुना लगेच पाहू नका. ओली शाई आणि वाळलेली शाई यांत फरक पडतो, म्हणून दुसऱ्या दिवशी, खिडकीजवळच्या उजेडात पाहा.

मग प्रश्न टिकाऊपणाचा. जमिनीचे कागद, पावत्या, सह्या यांच्यासाठी तो सर्वांत महत्त्वाचा. दुसऱ्या दिवशी नमुन्यावर पाण्याचा थेंब सोडा आणि थोड्या वेळानं टीपकागदानं उचला. काय उरलं ते पाहा. दुसरी पट्टी अर्धी काळ्या कागदानं झाकून उन्हाच्या खिडकीत लावा. आपल्याकडचा उन्हाळा कठोर आहे. एप्रिल-मे संपेपर्यंत झाकलेला आणि उघडा भाग सारखाच राहिला तर ती शाई दस्तऐवजाला चालेल.

तिसरी कसोटी या गावाच्या चुनाभट्ट्यांतून येते. चुना विरवून वर जी निवळी राहते, ती तीव्र अल्कधर्मी असते. हळदीवर टाकली की हळद लाल होते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तीच निवळी धुता येणाऱ्या निळ्या शाईच्या रेघेवर सोडा. रेघ फिकी होत जवळजवळ नाहीशी होते. या निळ्या रंगाच्या रेणूची रचना अल्कात बदलते आणि त्याची रंग दाखवण्याची शक्तीच जाते. शाई पुसणारी परदेशी पेनं याच तत्त्वावर चालतात. काजळीच्या रेघेला मात्र निवळी काही करत नाही. म्हणजे एका थेंबात कळतं की आपल्या हातातली शाई कुणी अशी सहज पुसू शकेल की नाही. चेकवर सही करणाऱ्यानं हे एकदा तरी पाहून ठेवावं. मुलांकडून हा प्रयोग करून घेताना निवळी शिक्षकांनीच काढून द्यावी आणि मुलांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. कळीचा चुना विरताना उकळतो आणि उडालेला थेंब डोळ्याला मोठी इजा करतो.

साधनं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक एका प्रश्नाचं उत्तर देतं. रंग कशाचा बनलाय हे ब्रश सांगतो, एकीची दुसरीशी तुलना रूलिंग पेन करून देतं, अक्षर कसं दिसेल हे टाक आणि बोरू दाखवतात, घ्यायची की नाही हे आपलं पेन ठरवतं. सगळी विकत घ्यायची गरज नाही. एक काडी, एक टाक, एक सिरिंज आणि चमचाभर निवळी एवढ्यात बरंच काम होतं.

इथल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या ग्रंथालयात शाईच्या नमुन्यांची एक पेटी ठेवा. पोस्टकार्डाच्या आकाराच्या कार्डावर मुलांनी नमुने काढावेत, आणि प्रत्येक कार्डामागे चार गोष्टी लिहाव्यात: शाई कोणती, कागद कोणता, तारीख, आणि नमुना कशानं काढला. चौथी ओळ नसेल ते कार्ड पेटीत घेऊ नका.